उतारा, घट आणि वाढ

व्यापारी भेटला म्हणजे "कसें काय चाललें आहे ?" असा प्रश्न करण्याची आपल्याकडे रीत आहे. पूर्वी या प्रश्नास "देवाच्या कृपेनें बरें आहे" एवढेंच उत्तर येई, आणि त्या एका वाक्यांत नफा, तोटा, घरांतील आजारपण, मुलीचें लग्न, सारेंच सामावून जाई. अलीकडे उत्तर आंकड्यांत मिळूं लागलें आहे. यंदा इतक्या गठाणी बांधल्या, इतक्या शाखा उघडल्या, इतक्या ठेवी जमल्या. यांत वावगें कांहीं नाहीं. आयुष्याचीं पुष्कळ वर्षें मीं दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यांत घालविलीं असल्यामुळें आंकड्यांविषयीं माझ्या मनांत आदरच आहे. परंतु माणूस आपण होऊन जो आंकडा सांगतो, तो बहुतेक वाढलेलाच असतो, ही गोष्ट त्या वर्षांतच माझ्या ध्यानांत आली. उधारी किती दिवस अडकून पडली, जुन्या माणसांपैकीं किती जण यंदा फिरकले नाहींत, यंत्र वर्षांतून किती दिवस गप्प राहिलें, हें विचारल्यावांचून कळत नाहीं. आणि विचारावें तर विचारणाराच अशिष्ट ठरतो.

गेल्या हंगामांत खामगांवाजवळच्या एका जिनांत माझे चार दिवस गेले, तेव्हांपासून हा विषय मनांत घोळत आहे. जिनाचे मालक माझे जुने स्नेही. आजोबांनीं काढलेला कारखाना, वडिलांनीं टिकविलेला आणि यांनीं वाढविलेला. आतां त्यांच्या चिरंजीवांना तो दुप्पट करावयाचा होता. त्यासाठीं बँकेकडे कर्जाचा अर्ज करावयाचा, आणि अर्जासोबत धंद्याचें "कार्यमापन" दाखविणारा एक तक्ता जोडावयाचा, असा बेत ठरला होता. पुण्यास शिकलेल्या एका तरुण सल्लागारानें तो तक्ता सिद्धहि केला होता. त्यांत ४२ आंकडे होते व प्रत्येकापुढें हिरवा, पिंवळा किंवा तांबडा असा एक ठिपका होता. तांबडे ठिपके दोनच, आणि तेहि विजेच्या बिलासारख्या निरुपद्रवी जागीं. "भाऊ, अर्ज पाठविण्यापूर्वीं एकदां नजरेखालून घाला," असें म्हणून मालकांनीं तो माझ्यापुढें ठेवला.

ज्या वाचकांनीं जिन पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द येथें लिहिणें भाग आहे. शेतकरी बंडींत, किंवा आतां बहुधा ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलींत, घालून आणतो तो कापूस सरकीसकट असतो. जिनांतील चामड्याचे रूळ त्यांतून रुई ओढून घेतात, सरकी खालीं पडते, आणि रुई दाबून तिच्या गठाणी बांधतात. एक क्विंटल कापसांतून ३४ किलो रुई निघाली तर उतारा ३४ पडला असें म्हणतात. राहिलेल्यांत बहुतेक सरकीच. परंतु दोन-एक किलो कोठें तरी नाहींशी होते. धूळ, पाला, काडीकचरा, उडून गेलेला ओलावा. तिचें नांव घट. हल्लींची गठाण १७० किलोंची धरली, तर पांच क्विंटल कापसाची एक गठाण होते, हा हिशेब जिनांतील पोरासोरांनाहि तोंडपाठ असतो.

या धंद्याची सारी गंमत, आणि सारी भीतीहि, उताऱ्याच्या एका टक्क्यांत आहे. शंभर क्विंटल कापसामागें उतारा एकानें घसरला कीं एक क्विंटल रुई हातची जाते व तिच्या जागीं एक क्विंटल सरकी येते. रुईचा भाव सरकीच्या कितीतरी पट असल्यामुळें एवढ्या घसरणींत हंगामाचा नफा वाहून जाऊं शकतो. पण तक्त्याच्या माथ्यावर, ठळक अक्षरांत, सर्वांत मोठा हिरवा ठिपका होता तो गठाणींच्या संख्येपुढें. आतां, ज्या जिनांत रोज संध्याकाळीं फक्त गठाणीच मोजल्या जातात तेथें काय होतें, तें सांगावयास ज्योतिषी नको. फोरमन रुळांना दम घेऊं देत नाहीं, तंतु तुटतात. निरनिराळ्या गांवचा, निरनिराळ्या वाणाचा माल एकाच ढिगांत पडतो. रुईवर पाण्याचा हात जरा सढळ फिरतो, कारण पाण्यालाहि वजन आहे. त्या दिवसाची गठाणींची संख्या छान दिसते. दोन महिन्यांनीं सूतगिरणीकडून कपातीचें पत्र येतें तें मात्र कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं. तें दौऱ्यावरच्या दलालाच्या खिशांत राहतें.

खामगांवास हा अनुभव नवा नाहीं. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें, आणि पुढें आठ वर्षांनीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस बंद झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली ती तेव्हां. भाव असे चढले, कीं कापूस म्हणून जें जें वजनांत भरतें तें तें विकलें जाऊं लागलें. माती, सरकी, पाणी, सर्व कांहीं. १८६३ सालीं मुंबई सरकारला कापसांतील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदाच करावा लागला. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि मुंबईंतील पेढ्या व कंपन्या पत्त्यांच्या घरांप्रमाणें पडल्या. चार वर्षें साऱ्या मुंबई इलाख्यानें आपली भरभराट एकाच आंकड्यानें मोजली होती, आणि तो आंकडा तर परक्या देशाच्या रणभूमीवर ठरत होता.

त्यानंतरचा इतिहास मला अधिक शिकविणारा वाटतो. १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंत आगगाडीचा फांटा सुरू झाला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्या समारंभासाठीं स्वतः येथें आले होते. माल लांब जाऊं लागला आणि घेणारा व देणारा यांची तोंडओळखहि राहिली नाहीं, तेव्हां मापाला नवें महत्त्व आलें. १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठीं कायदा झाला. त्यानें बाजारसमिती आणली, अडत्ये व मापारी यांना परवाने लावले. या समित्यांत वरचष्मा व्यापाऱ्यांचाच राहिला हें खरें, तरी काटा कोणाच्या हातीं आहे हें निदान चार लोकांना ठाऊक झालें. पुढें १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्यानें प्रत्येक गठाणीवर त्या प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणें सक्तीचें केलें. वाचकांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. मला ती वाटत नाहीं. मुंबईच्या वखारींत किंवा परदेशच्या गिरणींत गठाण फोडल्यावर आंत ओली रुई निघाली, तर ती कोणत्या गांवच्या कोणत्या प्रेसमध्यें बांधली गेली हें त्या अंकावरून शोधतां येऊं लागलें. ज्याला त्या मापांत कांहीं स्वार्थ नाहीं असा दूरचा मनुष्य जें वाचूं शकतो आणि ज्यावरून उलट जाब विचारूं शकतो, तेंच माझ्या मतें खरें मापन. असा एक अनुक्रमांक स्वतःच रंगविलेल्या बेचाळीस ठिपक्यांना भारी आहे.

पाश्चात्यांनीं या विषयाचें शास्त्र बनविलें, त्याचीहि थोडी ओळख करून देतों. अमेरिकेंतील ड्यू पाँ कंपनींत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डोनाल्डसन ब्राऊन या गृहस्थानें भांडवलावरील परतावा दोन अवयवांत फोडून दाखविला : विक्रीमागें नफा किती, आणि भांडवल वर्षांतून किती वेळां फिरतें. १९९२ सालीं रॉबर्ट कॅप्लान व डेव्हिड नॉर्टन यांनीं सांगितलें, कीं पैशाचे आंकडे कालचा दिवस दाखवितात, उद्यांचा नव्हे. म्हणून पैशाबरोबर गिऱ्हाईक, कारखान्याच्या आंतलें काम, आणि शिकणें व सुधारणें अशा आणखी तीन बाजूंनीं धंद्याकडे पाहावें. या चौकटीला संतुलित गुणपत्रक असें म्हणतां येईल. कल्पना उत्तम आहे. आमच्या सल्लागारानें तिचे चारहि मथळे तक्त्यांत घातले होते. मात्र प्रत्येक मथळ्याखालीं जें मोजावयास सर्वांत सोपें तें भरलें होतें. "शिकणें" या सदरांत काय असावें ? वर्षभरांत झालेल्या सभांची संख्या ! सभेंत कोणी कांहीं शिकला कीं नाहीं, तें चहावाल्यास विचारावें. चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १९७५ सालीं चलनासंबंधीं लिहितांना दाखवून दिलें होतें, कीं एखाद्या आंकड्याच्या आधारें लोकांना हांकूं लागलें कीं त्या आंकड्याचा भरंवसा नाहींसा होतो. रुईवर पाणी मारणाऱ्या खामगांवच्या फोरमनला गुडहार्टचें नांव ठाऊक असण्याचें कारण नाहीं, पण सिद्धांत त्याला पाठ आहे.

आंकडा चुकीचा निवडल्यानें, किंवा योग्य आंकडा असून त्याकडे न पाहिल्यानें, काय होतें याचें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत घडलें आहे. २०१२ सालीं रिझर्व्ह बँकेनें बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेस परवाना नाकारला. नव्या ठेवी घेण्यास मनाई झाली. नागपूर व वर्धा येथील जिल्हा बँकांची गत तीच झाली. कसोटी साधी होती : जोखमीच्या दर शंभर रुपयांमागें बँकेचे स्वतःचे निदान चार रुपये असावेत. हे चार रुपये कांहीं एका रात्रींत आटत नाहींत. ते वर्षानुवर्षें उतरत जातात, आणि प्रत्येक वर्षाच्या ताळेबंदांत, मागील पानांवर कां होईना, दिसत असतात. पण कोणत्याहि बँकेच्या वार्षिक सभेंत टाळ्या पडतात त्या वाटलेल्या कर्जाच्या रकमेला. वसूल न झालेल्या रकमेला टाळ्या वाजविणारा सभासद मीं अद्यापि पाहिलेला नाहीं. आणि जिल्हा बँकेचा दरवाजा अर्धवट बंद होणें म्हणजे काय, तें खेड्यांत राहिल्यावांचून कळावयाचें नाहीं. पीककर्ज तेथें, ऊस-कापसाचे पैसे तेथें, पोराच्या फीसाठीं ठेवलेली रक्कम तेथें. पेरणी तर नक्षत्रावर होते, ती परवान्यासाठीं थांबत नाहीं. मग सावकाराची पायरी ठरलेलीच. २०१४ च्या नोव्हेंबरांत केंद्रीय मंत्रिमंडळानें चार राज्यांतील अशा २३ बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. तीस केंद्र, राज्यें व नाबार्ड मिळून सुमारें २,३७५ कोटि रुपये लागावयाचे होते. पुढें बुलढाण्याच्या बँकेस परवानाहि मिळाला. पण वेळेवर पाहिलेला एक आंकडा किती स्वस्त पडला असता, हा विचार त्या रकमेकडे पाहून माझ्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

जिनांतील तक्त्याकडे मी पाहिलें तें ही गोष्ट मनांत ठेवून. ब्राऊनच्या दोन अवयवांपैकीं दुसरा प्रथम घेतला : भांडवल किती फिरतें ? जिन चालतो तो दसरा-दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत. पुढें यंत्रांवर ताडपत्री. तक्त्यांत "यंत्रांची क्षमता" हा आंकडा होता, पण तो चालू दिवसांपुरता काढलेला, म्हणून हिरवा. वर्षाच्या ३६५ दिवसांनीं भागल्यावर तो सपशेल तांबडा झाला. यंत्रें दुप्पट केलीं म्हणून कापूस दुप्पट येत नाहीं. तोच कापूस निम्म्या दिवसांत पिंजून होतो आणि कर्जाचें व्याज मात्र बाराहि महिने चालू राहतें. त्यांत आमच्या जिल्ह्याची रचना अशी, कीं घाटावर, चिखली-मेहकरकडे, सोयाबीननें कापसाची पुष्कळ जमीन घेतली आहे. कापूस मिळावयाचा तो मुख्यत्वें घाटाखालीं, आणि तेथेंहि पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत विहिरीचें पाणी पिकाला चालत नसल्यामुळें सारी भिस्त पावसावर. दुप्पट होण्यासाठीं लागणारा माल दुसऱ्याच्या जिनांतूनच ओढावा लागेल. मग प्रश्न असा, कीं शेतकऱ्यानें याच दारीं कां यावें ?

येथें चिरंजीवांचें व माझें थोडें वाजलें. तक्त्यांत "गिऱ्हाईक" या सदराखालीं सूतगिरण्या होत्या. तेथें शेतकरी असावा, असें मीं म्हटलें. "काका, शेतकऱ्याकडून तर आपण माल घेतों. तो गिऱ्हाईक कसा ?" असा त्यांचा सवाल. सवाल चुकीचा नव्हता. पण रुईला घेणारा आज ना उद्यां मिळतोच. कापूस घेऊन येणारी ट्रॉली एकदां दुसऱ्या फाटकांतून आंत वळली कीं वळली. जिनाचा धंदा विकण्यांत नसून मिळविण्यांत आहे. मालकांनीं यावर कांहीं न बोलतां कपाटांतून आजोबांच्या वेळची एक वही काढली. ती मोडींत होती, आणि घरांत मोडी वाचणारें कोणी उरलें नव्हतें. माझें मोडी अडखळत कां होईना चालतें. मुनीमजींनीं गांवांप्रमाणें पानें पाडलीं होतीं : शेतकऱ्याचें नांव, वजन, उतारा, पैसे दिल्याचा दिवस. शेवटीं एक अरुंद रकाना, त्यांत कांहीं नांवांपुढें टिंब आणि कांहींपुढें नुसती जागा. दोन-तीन वर्षांचीं पानें ताडून पाहिल्यावर उलगडा झाला. टिंब म्हणजे पुढच्या वर्षीं तो शेतकरी परत आला. त्या मुनीमजींना कोणी गुणपत्रक शिकविलें नव्हतें. मी त्यांची आरती ओवाळूं इच्छित नाहीं. त्याच वहींत व्याजाचे जे दर आहेत ते पाहून अंगावर कांटा येतो. पण तें टिंब मात्र मोलाचें होतें.

चिरंजीव हुषार आहेत. दोन दिवसांत त्यांनीं संगणकावरून मागील तीन हंगामांच्या पावत्या काढून टिंबें दिलीं. आवक तर वाढली होती, गठाणीहि वाढल्या होत्या. पण तीन वर्षांपूर्वीं आलेल्यांपैकीं निम्मेहि या हंगामांत परत आले नव्हते. वाढ झाली होती ती नव्या माणसांच्या जोरावर, आणि नवा माणूस दलालाला जास्त कमिशन देऊन आणलेला. जुना फुकट येत होता, तो गेला. कां गेला ?

तिसऱ्या दिवशीं फाटकापाशीं संग्रामपूरकडचा एक वृद्ध शेतकरी भेटला. तो मध्यंतरीं एक हंगाम दुसरीकडे गेला होता, हें पावतीवरून कळलें होतें. चिरंजीवांनीं त्याला आदरानें बसवून विचारलें, तेव्हां तो आधीं हंसला. "मालक, काटा तुमचा, भाव बी तुमचा. आमचं निस्तं येनं हाये, तेवढं बी आता मोजता काय ?" मग त्यानें कारण सांगितलें. भावाची तक्रार नव्हती. दुसऱ्या जिनांत कापूस किती ओला आहे हें यंत्र लावून, त्याच्या डोळ्यांदेखत दाखवितात. येथें फोरमन मुठींत बोंड दाबतो, "ओला हाये" म्हणतो आणि वजनांतून कापतो. कापतो किती, तें त्या मुठीवर अवलंबून. मुठीची ही कपात तक्त्यांत "घट नियंत्रण" या नांवाखालीं हिरव्या ठिपक्यानें मिरवीत होती !

बेचाळीसांतून आम्हीं पस्तीस आंकडे काढून टाकले. उतारा राहिला, खरी घट राहिली, वर्षाच्या हिशेबानें चालू दिवस राहिले, गिरणीच्या कपातीचें पत्र दलालाच्या खिशांतून तक्त्यावर आलें. शेतकऱ्याला पैसे किती दिवसांनीं पोंचले, हा आंकडा मालकांना नकोसा होता. तो मीं हट्टानें ठेवविला. ओलावा मोजण्याचें यंत्र घेतलें, आणि त्याची तबकडी फोरमनकडे न करतां ट्रॉलीकडे तोंड करून बसविली. पहिल्याच आठवड्यांत कपात कमी झाली, म्हणजे जिनाचें त्या दिवसांपुरतें नुकसान झालें. मालकांनीं तो आंकडा पाहिला आणि तोंड कडू केलें, पण यंत्र काढलें नाहीं.

सल्लागार तरुणाला हा कापलेला तक्ता दाखविला तेव्हां तो प्रथम खट्टू झाला. बँकेला इतके तांबडे ठिपके कसे दाखवावयाचे, हा त्याचा प्रश्न व्यवहाराला धरून होता, आणि त्याचें उत्तर माझ्यापाशीं तयार नव्हतें. मालकांनींच तें दिलें. कर्जाचा अर्ज त्यांनीं मेजाच्या खणांत घातला आणि दसऱ्यानंतरच्या आवकेपर्यंत तो खण उघडावयाचा नाहीं असें चिरंजीवांना बजाविलें. चिरंजीवांना हें रुचलेलें नाहीं. यंत्रांचे भाव तोंवर चढतील असें ते म्हणतात, आणि ते चढतीलहि. परंतु तक्त्याचें शेवटचें पान त्यांनींच स्वतः तयार केलें आहे. संग्रामपूर, जळगांव जामोद व नांदुरा या बाजूंचीं, न फिरकलेल्या शेतकऱ्यांचीं नांवें त्यांत देवनागरींत लिहिलीं आहेत, आणि प्रत्येक नांवापुढें टिंबापुरती जागा कोरी ठेवली आहे.